सांगून न उरणारा सिनेमा

दुर्मिळ, संथ, आतल्या आत चालणारे चित्रपट जमवणाऱ्या माणसांबद्दल आपल्याकडे अधूनमधून वाद पेटतो. एखादा जुना भारतीय चित्रपट दुरुस्त होऊन कान किंवा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला की त्याला निमित्त मिळतं. एका बाजूचं म्हणणं ठरलेलं: कुणी न पाहिलेलं आपण पाहिलंय, एवढंच या मंडळींना मिरवायचं असतं, दुर्मिळता हा खरा शौक, चित्रपट नावापुरता. दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं: आम्ही नसतो तर हा ठेवा नष्ट झाला असता, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. मला खटकतं ते हे, की दोन्ही बाजू संग्राहकाच्या स्वभावावर भांडतात आणि चित्रपट बाजूलाच राहतो. माझं म्हणणं असं की या ओढीचं कारण त्या चित्रपटांच्या घडणीत शोधायला हवं. जो चित्रपट गोष्टीवर उभा नाही, तो सांगून उरत नाही. तो फक्त प्रतीच्या रूपात उरतो. म्हणून त्याचा रसिक आज ना उद्या प्रत सांभाळणारा होतो. त्यात हौस असेल, हट्टही असेल, पण मुळात ती पाहण्याचीच एक रीत आहे. आणि हे एकदा मान्य केलं, की प्रश्न खासगी छंदाचा राहत नाही, सार्वजनिक होतो.

‘२७ डाउन’ घ्या. अवतार कौल यांचा हा एकमेव कथापट. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याच सुमारास, १९७४ साली, मुंबईत पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. गोष्ट सांगायला गेलं तर चार वाक्यांत संपते. संजयला चित्रकला शिकायची आहे, पण वडिलांच्या आग्रहाखातर तो रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. गाडीत भेटलेल्या शालिनीवर त्याचं मन जडतं. वडील त्याचं लग्न भलतीकडेच लावून देतात. तो घर टाळत, स्वतःला टाळत गाडीतच बसून राहतो. एवढं ऐकून कुणाच्या हाती काय लागलं? असे संजय तर आपल्या प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. चित्रपट घडतो तो दुसरीकडेच: बोरीबंदरच्या फलाटावर लोंढ्यासारखी ओतणारी माणसं, त्यांच्यात हरवणारा एक चेहरा, संवाद थांबल्यावरही चालू राहणारा रुळांचा आवाज, आणि कृष्णधवल चौकटीत माणसापेक्षा मोठी झालेली रिकामी जागा. अपूर्व किशोर बीर तेव्हा विशीच्या सुरुवातीला होते. या छायाचित्रणासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता समजा, या चित्रपटाच्या सगळ्या प्रती नाहीशा झाल्या. मागे काय राहील? ज्या कादंबरीवर तो बेतला ती राहील, पुरस्कारांची यादी राहील, वरची चार वाक्यं राहतील. चित्रपट मात्र राहणार नाही.

याहून स्पष्ट पुरावा आपल्याच डोळ्यांसमोर आहे. विजयदान देथा यांच्या एका राजस्थानी कथेवरून मणी कौल यांनी १९७३ मध्ये ‘दुविधा’ केला. त्याच कथेवरून अमोल पालेकरांनी २००५ मध्ये ‘पहेली’ केला. लग्न होताच व्यापारासाठी दूर निघून जाणारा नवरा, त्याचं रूप घेऊन त्याच्या बायकोजवळ येणारं भूत, भुताने ते कबूल केल्यावरही तिने त्याला दिलेली जागा, हे सगळं दोन्हीकडे आहे. ‘पहेली’ हा देखणा, गाण्यांचा, तारकांचा चित्रपट आहे आणि मनात आलं की तो पाहता येतो. मग गोष्ट सुरक्षित आहे म्हणून ‘दुविधा’ नाहीसा झाला तरी चालेल का? ज्याने तो पाहिलाय तो ‘चालेल’ म्हणणार नाही. त्यातली पांढऱ्या भिंतीपाशी थबकलेली बाई, गोठून स्थिरचित्र होणारे क्षण, कुठल्याच भावनेला घाईने नाव न देणारा निवेदनाचा सूर, यातलं काहीही कथेत नाही आणि दुसऱ्या चित्रपटातही नाही. त्याआधीच्या ‘उसकी रोटी’त कौल आणि छायाचित्रकार के. के. महाजन यांनी प्रामुख्याने दोनच भिंगं वापरली, रुंद दृश्य टिपणारं २८ मिलिमीटरचं आणि दूरचं जवळ आणणारं १३५ मिलिमीटरचं. ट्रक आणि बसच्या रस्त्यावर नवऱ्याची भाकरी घेऊन उभी असलेली बालो कधी सगळ्या माळरानासकट दिसते, तर कधी तिच्या हाताशिवाय काहीच दिसत नाही. तिचं वाट पाहणं या दोन अंतरांच्या मध्ये आहे. मोहन राकेश यांची कथा पुस्तकात सुखरूप आहे. हे अंतर पुस्तकात ठेवता येत नाही.

याउलट ‘आलम आरा’ पाहा. १९३१ चा हा पहिला भारतीय बोलपट आज पूर्ण हरवला आहे आणि ती मोठीच हानी आहे. पण त्याचं कथानक आपल्याला माहीत आहे, गाण्यांचे शब्द माहीत आहेत, छायाचित्रं आहेत, तो पाहायला मुंबईत उसळलेल्या गर्दीची वर्णनं आहेत. लोकप्रिय चित्रपट हरवला तरी लोकांच्या तोंडी, गाण्यांत, जाहिरातींत काही ना काही शिल्लक राहतो. अंतर्मुख चित्रपटाला हा दुसरा आधार नसतो. त्याला गाणी नसतात, पाठ होणारे संवाद नसतात, आणि बहुतेकदा प्रेक्षकही थोडेच लाभलेले असतात. त्याचं सगळं वजन त्या एका प्रतीवर असतं.

म्हणूनच संग्राहकांचा प्रतीच्या दर्जाबद्दलचा आग्रह मला पटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो: हीच कॅसेट का, तीच डिस्क का, दूरदर्शनवरून टेप केलेली प्रत आहे ना, मग आणखी काय हवं? पण ज्या चित्रपटाचा आशय सावलीत आणि शांततेत आहे, त्याची चौकट दोन्ही बाजूंनी कापली, काळ्या भागाचा राखाडी चिखल झाला, शांततेच्या जागी टेपची खरखर आली, तर नेमकं काय पाहिलं म्हणायचं? मारामारीचा चित्रपट खराब प्रतीतही मारामारीचाच राहतो. ‘मायादर्पण’मधल्या रंगांची उतरंड बिघडली तर चित्रपटातलं निम्मं बोलणं बंद होतं. कुमार साहनींनी रंगांकडून जे काम करून घेतलं, ते दुसरे लोक संवादांकडून घेतात.

आता विरोधकांचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, आणि संग्राहक त्यांना ज्या तोऱ्याने उडवून लावतात ते मला मान्य नाही. पहिला मुद्दा असा की दुर्मिळ म्हणजे थोर नव्हे, आणि संग्राहक हे नेहमी विसरतो. मिळवायला कष्ट पडले की वस्तूची किंमत मनात वाढते. दहा वर्षं शोधून हाती आलेला चित्रपट सुमार आहे हे कबूल करायला फार मोठं मन लागतं. शिवाय या चित्रपटांवरची टीका फक्त शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकांची कधीच नव्हती. सत्यजित राय यांनी सत्तरच्या दशकात अशा चित्रपटांच्या तथाकथित नव्या लाटेवर लिहिलं, ‘मायादर्पण’ आणि ‘दुविधा’चं परीक्षण केलं, आणि ते कठोर होतं. ‘पथेर पांचाली’ करणाऱ्या माणसाला हे चित्रपट कोरडे वाटत असतील, तर सामान्य प्रेक्षकाला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

कुणालाच नाही. पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो ते नीट पाहायला हवं. राय यांना हे चित्रपट नाकारता आले, कारण त्यांनी ते पाहिले होते. त्यांचं म्हणणं बरोबर की एकांगी, हे आज ठरवायचं तर आपल्यालाही ते पाहायला मिळायला हवेत. नकारालाही प्रत लागते. सुमार चित्रपट जपला गेला तर फार तर एक कपाट अडलं. चांगला चित्रपट सुमार समजून टाकून दिला तर ती चूक दुरुस्त करता येत नाही. आणि चांगलं काय हे कळायला किती काळ लागावा? शांताल आकरमन यांचा ‘जान दिलमान’ १९७५ चा. एक विधवा तीन दिवस स्वयंपाक करते, बटाटे सोलते, मुलाला जेवू घालते, आणि घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते. तीन तास एकवीस मिनिटं. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलात हा चित्रपट २०१२ मध्ये पस्तिशीच्या पलीकडे होता आणि २०२२ मध्ये पहिला आला. त्या निवडीवर वाद झाला, व्हायलाच हवा. पण या क्रमाला सत्तेचाळीस वर्षं लागली. चित्रपटगृह एखाद्या चित्रपटाला दोन आठवडे देतं. मधली वर्षं तो कुणाच्या भरवशावर काढतो?

बार्बरा लोडेन यांच्या ‘वांडा’ने ती वर्षं कशी काढली ते माहीत आहे. कोळशाच्या खाणींच्या प्रदेशातली, घरसंसार सुटलेली, कुठेच न रमणारी एक बाई. लोडेन यांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात मुख्य भूमिका केली. १९७० मध्ये व्हेनिसला त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि अमेरिकेत तो जवळपास कुणी पाहिलाच नाही. १९८० मध्ये त्या गेल्या. दुसरा कथापट त्यांच्या हातून झालाच नाही. पुढे फ्रान्समध्ये अभिनेत्री इझाबेल युपेर यांनी त्याचे वितरणाचे हक्क घेऊन तो पुन्हा लोकांसमोर आणला. २००७ मध्ये हॉलिवूडमधली एक प्रयोगशाळा बंद होत होती, तिथला माल फेकला जाणार होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहातल्या एका जाणकाराने तिथून मूळ १६ मिलिमीटरची रिळं उचलली. त्यांवरून २०१० मध्ये चित्रपट पुन्हा उभा राहिला. या साखळीत बाजाराने काय केलं? काहीच नाही. एका अभिनेत्रीचं वेडं प्रेम आणि अडगळीतले डबे उघडून पाहणारा एक माणूस, एवढ्यावर तो टिकला. याला तुम्ही छंदिष्टपणा म्हणा. माझ्या मते सबंध इतिहासात या प्रकारच्या कलेला दुसरा वाली क्वचितच मिळाला आहे.

दुसरा आक्षेप उच्चभ्रूपणाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. हे चित्रपट मूठभर शिकलेल्या शहरी लोकांचे, त्यांनीच केले, त्यांनीच पाहिले आणि आता त्यांनीच कपाटात ठेवले, मग समाजाने त्यांची काळजी का करावी? मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ असो वा पुण्यातला आशय फिल्म क्लब, सभासदांत शहरी मध्यमवर्ग जास्त होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘बाकीच्यांना कळणार नाही’ हे गृहीतक कुणी तपासून पाहिलंय का? कर्नाटकात सागरजवळच्या हेग्गोडू या गावात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने ते तपासलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर यांनी सत्तरच्या दशकात तिथे जगभरच्या श्रेष्ठ चित्रपटांच्या प्रिंट नेल्या. सुपारीच्या बागांत राबणारी माणसं जपानी, इटालियन, बंगाली चित्रपटांना बसली, आणि नंतर त्यांवर बोललीही. उच्चभ्रूपणा चित्रपटात नव्हता. तो प्रिंट कुठवर पोचते आणि कुठे थांबते यात होता.

हे मी फार महत्त्वाचं मानतो, कारण यातून चांगला आणि वाईट संग्राहक यांतली रेघही आखता येते. आपल्याकडे या भांडणाचा पूर्वावतार घडून गेला आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत होते, तेव्हा त्यांना दोन तऱ्हेची माणसं भेटली. काहींना आपल्या माडीवर काय आहे याची फिकीर नव्हती. कागद वाळवी खात होती. काहींना फिकीर एवढी होती की ते कुणाला कागद दाखवायलाही तयार नव्हते. इतिहासाच्या दृष्टीने दोघांतला फरक फारसा उरत नाही. महानुभावांचंही पाहा. त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत राखले आणि म्हणूनच ते शतकानुशतकं टिकले. पण विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपींची किल्ली सापडेपर्यंत मराठीला आपल्याच आद्य गद्याची धड ओळख नव्हती. जपणं आणि दडवणं एकाच हाताने होऊ शकतं. आजचा जो संग्राहक जगातली शेवटची प्रत आपल्याकडे आहे म्हणून सुखावतो आणि ती कुणाला दाखवत नाही, त्याच्या बाजूने मी एक शब्दही बोलणार नाही. त्याला ओढ चित्रपटाची नाहीच. नायर यांची तऱ्हा याच्या नेमकी उलट होती. १९६४ मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयात, १९९१ ला निवृत्त होईपर्यंत, त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमवले. फाळक्यांची रिळं मिळवायला नाशिकला फाळके कुटुंबाकडे गेले. आणि जमवलेलं फिल्म सोसायट्यांमार्फत गावोगाव दाखवत राहिले.

‘मग सरकारी संग्रहालय आहेच की, खासगी कपाटांची गरज काय?’ हा प्रश्न इथे येतो. संग्रहालय हवंच, आणि आजच्यापेक्षा बळकट हवं. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत चटकन पेटणाऱ्या जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा भस्मसात झाला, हे विसरून चालणार नाही. एका जागी सगळं ठेवलं की एका रात्रीत सगळं जाऊ शकतं. मल्याळी दिग्दर्शक अरविंदन यांच्या ‘थम्पू’ची मूळ निगेटिव्ह उरली नव्हती; संग्रहालयातल्या प्रिंटच्या आधारे तो दुरुस्त झाला आणि २०२२ मध्ये कानला दाखवला गेला. आपल्या ‘घाशीराम कोतवाल’चं काय झालं? फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी पद्धतीने १९७६ मध्ये केलेल्या या मराठी चित्रपटाची प्रिंट बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत जपलेली होती, म्हणून तो पुन्हा पाहायला मिळाला. मराठी चित्रपट मराठी मुलखात टिकला नाही, बर्लिनमध्ये टिकला. जितक्या हातांत प्रती तितकी आशा जास्त.

आणि ‘आता सगळं ऑनलाइन मिळतं’ या म्हणण्याबद्दल थोडक्यात. मिळत नाही. जे मिळतं तेही करार असेपर्यंत. जगभरच्या अभिजात चित्रपटांसाठी अमेरिकेत सुरू झालेली फिल्मस्ट्रक ही सेवा २०१८ च्या नोव्हेंबरात बंद झाली, ती कुणी पाहत नव्हतं म्हणून नव्हे, तर मालक कंपनीला तेवढा प्रेक्षक अपुरा वाटला म्हणून. पडद्यावर आज दिसणाऱ्या चित्रपटाची हमी प्रेक्षकाला कुणी देत नाही.

राहिला चोरीचा आक्षेप. संग्राहकांच्या कपाटांतला बराच ऐवज परवानगीविना केलेल्या प्रतींचा आहे, हे खरं आहे. निर्मात्याच्या, कलावंताच्या हक्काचं मोल मी कमी करत नाही. पण कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ चा. चित्रपटगृहांत तो प्रदर्शित झाला २०१४ मध्ये. मधल्या पाव शतकात तो हातोहात फिरलेल्या कॅसेटींवर आणि मोजक्या खेळांवर जगला, आणि त्यातूनच त्याचा प्रेक्षक तयार झाला. त्या प्रतींनी कुणाचं उत्पन्न बुडालं? विकायलाच नसलेल्या वस्तूच्या प्रतीने मालकाचं नेमकं काय नुकसान होतं, याचं उत्तर कायद्याला द्यावं लागेल. दुसरं असं की यांतले कितीतरी चित्रपट लोकांच्या पैशातून झाले आहेत. ‘भुवन शोम’, ‘उसकी रोटी’, ‘मायादर्पण’, ‘२७ डाउन’ या सगळ्यांमागे सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज होतं. १९८० पासून ते काम एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास कंपनीकडे आलं, आणि २०२२ मध्ये पुण्याचं संग्रहालयही तिच्यातच विलीन झालं. त्याच वर्षी केंद्र सरकारने सुमारे २,२०० चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. स्वागत आहे. पण ज्या चित्रपटाला सरकारने पैसे दिले, तो दुरुस्तीनंतर तालुक्याच्या वाचनालयात, महाविद्यालयात, फिल्म सोसायटीत अल्प दरात पाहायला मिळणार की नाही, हा प्रश्न विचारायला नको का?

छापलेल्या पुस्तकासाठी आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे: प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात गेली पाहिजे, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही गेली पाहिजे. चित्रपटासाठी तसं बंधन नाही. ते आणायला हवं. आणि त्याच्या जोडीला संग्राहकासाठी एक खुलं दार हवं: आपल्याकडची प्रत, ती कुठून आली याची चौकशी न होता, संग्रहालयात जमा करता यावी, किमान तिची नोंद करून नक्कल काढू देता यावी. त्या बदल्यात संग्राहकांनीही आपल्याकडे काय काय आहे याच्या याद्या उघड कराव्यात. जो यादीसुद्धा लपवतो त्याने जपणुकीचं श्रेय मागू नये. हे तातडीने व्हायला हवं. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट साठ वर्षांचा आहे, म्हणजे ‘२७ डाउन’ची मुदत २०३४ च्या आसपास संपेल. तोवर वाट पाहण्याची सोय नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात भरलेल्या कॅसेटींवरची चुंबकीय पट्टी आताच झडू लागली आहे, ॲसिटेटच्या रिळांना ती कुजू लागल्याची खूण असलेला व्हिनेगरचा वास सुटला आहे, आणि ज्यांनी ती जमवली ती माणसं सत्तरीत आहेत.